उस्तादाची परीक्षा

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. शिकवणाऱ्यांविषयी बोलताना ती हटकून वापरली जाते. ज्याला स्वतःलाच विद्या येत नाही, तो दुसऱ्याला काय कपाळ शिकवणार! म्हण खरीच आहे. पण ह्या गोष्टीला दुसरी एक बाजू आहे, आणि तिच्यासाठी मात्र आपण म्हण केलेली नाही. आडात पाणी तुडुंब आहे, पण पोहराच फुटका आहे, तर काय करायचे? पाणी आहे हे सर्वांना दिसते. तहानलेला माणूस मात्र काठावर तसाच उभा राहतो.

शाळेतल्या गुरुजींपुरता हा प्रश्न आपण सोडवून टाकला आहे. गणितातली पदवी मिळाली म्हणून कोणी लगेच हायस्कुलात गणिताचा मास्तर होत नाही. त्याला शिकवण्याचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते, पाठ घेऊन दाखवावे लागतात, परीक्षा द्यावी लागते. पण वाचकहो, एखाद्या कारखान्यात जाऊन पाहा. लेथवर पन्नाशीचा एक कारागीर उभा असतो आणि त्याच्या शेजारी अठरा वर्षांचा एक शिकाऊ उमेदवार. त्या मुलाचे पुढचे पोट, त्याचा कामावरचा विश्वास, इतकेच काय त्याची दहा बोटेसुद्धा, त्या उस्तादाच्या शिकवण्यावर अवलंबून असतात. उस्तादाला काम येते, ह्याची खात्री कारखान्याने कधीच करून घेतलेली असते. त्याला काम शिकवता येते, ह्याची खात्री कोणी केली?

हा प्रश्न साधा दिसतो. पण त्याला कायद्याचे उत्तर मिळायला शेकडो वर्षे लागली. ज्या देशाने ह्या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा केला, चुका केल्या, दिलेले उत्तर मागे घेतले आणि पुन्हा दिले, तो देश म्हणजे जर्मनी. त्याचीच हकीकत आज सांगायची आहे. वाटेत थोडे अमेरिकेला जावे लागेल, आणि शेवटी अर्थातच घरी यावे लागेल.

मध्ययुगातील जर्मन शहरांत प्रत्येक धंद्याचा एक संघ असे. चांभारांचा वेगळा, सुतारांचा वेगळा, सोनारांचा वेगळा. ह्या संघांत तीन पायऱ्या होत्या. पहिली पायरी शिकाऊ मुलाची. तो उस्तादाच्या घरीच राही, त्याच्याच पंक्तीला जेवी, आणि बहुधा मुलाचा बाप उस्तादाला शिकवणीचे पैसे देई. काही वर्षांनी तो दुसऱ्या पायरीवर, म्हणजे कसबी कारागिराच्या पायरीवर येई. मग पाठीला गाठोडे बांधून गावोगाव हिंडायचे, निरनिराळ्या उस्तादांच्या हाताखाली काम करायचे, अशी रीत होती. शेवटी एक नमुनेदार वस्तू स्वतःच्या हाताने घडवून संघापुढे ठेवायची. ती पसंत पडली तर तिसरी पायरी, ‘मायस्टर’ ही पदवी. मायस्टर झाला की स्वतःचे दुकान थाटता येई आणि स्वतःकडे शिकाऊ मुले ठेवता येत.

इथे एक गोष्ट बारकाईने लक्षात घ्या. संघ परीक्षा घेत होता ती वस्तूची. कुलूप नीट बसते का, पेटीचे सांधे जुळतात का, एवढेच पाहिले जाई. हा माणूस चौदा वर्षांच्या पोराला ते कुलूप करायला कसे शिकवील, हे कोणी विचारत नसे. ज्याला येते त्याला शिकवता येते, हे गृहीत धरलेले होते. आपल्याकडेही काही वेगळे नव्हते. बारा बलुतेदारांत लोहाराचा मुलगा भात्यापाशी बसूनच मोठा होई. आधी भाता ओढायचा, मग सांडशी धरायची, मग घण मारायचा, आणि डोळ्यांनी पाहता पाहता बापाची विद्या उचलायची. बापाने ‘शिकवले’ असे म्हणण्यापेक्षा मुलाने ‘उचलले’ असे म्हणणेच अधिक खरे. फरक इतकाच, की जर्मनीत निदान करार होता, मुदत होती, परीक्षा होती. आपल्याकडे जन्म हाच करार आणि जात हीच मुदत.

जर्मन संघांची व्यवस्था कागदावर सुरेख दिसे, पण पुढे पुढे ती नासत गेली. मायस्टरच्या मुलाला पदवी सहज मिळे, बाहेरच्या मुलाला नाना अडचणी येत. नमुन्याची वस्तू इतकी खर्चिक मागायची, की गरीब कारागिराने नादच सोडून द्यावा. १७३१ साली साम्राज्याने एक फर्मान काढून संघांच्या ह्या गैरचालींना आवर घालण्याचा प्रयत्न केला, पण रोग मुरलेला होता. मग नेपोलियनकडून सपाटून मार खाल्लेल्या प्रशियाने १८१० साली धाडसी पाऊल टाकले. सरकारला धंद्याचा कर भरा, परवाना घ्या, आणि खुशाल कोणताही व्यवसाय करा. संघाचे सभासद असण्याची गरज उरली नाही. १८६९ साली उत्तर जर्मन राज्यसंघाच्या व्यवसाय-संहितेने हेच तत्त्व व्यापक केले आणि १८७१ नंतर ते एकीकृत जर्मनीचे झाले. उदारमतवाद्यांना वाटले, दारे उघडली, आता सर्वांचे भले होईल.

दारे खरोखरच उघडली. पण त्या दारातून आत आलेल्या पोरांचे काय झाले? कोणीही दुकान थाटावे आणि कोणीही शिकाऊ मुले ठेवावीत, असे झाल्यावर काही धंदेवाल्यांना एक सोपी युक्ती सापडली. पगारी कारागीर महाग पडतो, शिकाऊ मुलगा स्वस्त पडतो. तेव्हा एका कारागिराच्या जागी चार मुले ठेवायची. त्यांनी झाडलोट करायची, ओझी वाहायची, मालकिणीचे पाणी भरायचे, आणि उरलेल्या वेळात हाती लागेल ते काम करायचे. मुदत संपली की त्यांना निरोप देऊन नवी चार आणायची. जर्मन भाषेत ह्या प्रकाराला एक झोंबणारा शब्द रूढ झाला. त्याचा अर्थ होतो ‘शिकाऊ पोरांची पैदास’, जशी गुराढोरांची पैदास करतात तशी! तीनचार वर्षे घालवून मुलगा बाहेर पडे तो धड कारागीर नाही आणि धड मजूर नाही, अशा अवस्थेत.

म्हणून १८९७ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. हस्तव्यवसायांची मंडळे स्थापन करण्याची तरतूद झाली आणि शिकाऊ मुलांवर देखरेख ठेवण्याचे काम त्यांच्याकडे आले. पुढे १९०८ साली मुख्य निर्णय झाला. हस्तव्यवसायात शिकाऊ मुलांना शिकवण्याचा अधिकार चोवीस वर्षे पूर्ण झालेल्या आणि मायस्टरची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसालाच राहील, असे ठरले. ह्याला ‘लहान पात्रता-पुरावा’ म्हणत. लहान एवढ्यासाठी, की धंदा करण्याचे स्वातंत्र्य कायम होते. जोडे शिवायचे तर खुशाल शिवा, तुम्हांला कोणी परीक्षा विचारणार नाही. पण जोडे शिवायला शिकवायचे असेल, तर मात्र परीक्षा दाखवा.

मला स्वतःला हा भेद फार मोलाचा वाटतो. वाईट चांभाराने जोडा बिघडवला, तर गिऱ्हाईक दुसऱ्या खेपेला दुसऱ्या दुकानात जाईल. त्याचे नुकसान एका जोड्यापुरते. पण वाईट शिकवणाऱ्याच्या हाताखाली मुलाची तीन वर्षे गेली, तर ती कोणत्या दुकानातून परत आणायची? आणि त्या मुलाला तर आपण बिघडवले जात आहोत, हे कळण्याचेही साधन नसते. चांगले काम कसे असते, हेच त्याने पाहिलेले नसते. जिथे गिऱ्हाइकाला माल पारखता येत नाही, तिथे दुसऱ्या कोणीतरी तो पारखावा लागतो. १९०८ च्या कायद्यामागचे तर्कशास्त्र हे असे होते.

ह्या कथेतले एक काळे पान मात्र झाकून ठेवता येत नाही. १९३५ साली, हिटलरच्या राजवटीत, ‘लहान’ पुराव्याचा ‘मोठा’ पुरावा झाला. आता नुसता धंदा करायलाही मायस्टरची पदवी सक्तीची झाली. गुणवत्तेच्या नावाखाली सारे हस्तव्यवसाय सरकारच्या मुठीत आले. आणि १९३८ च्या नोव्हेंबरातील हुकुमाने तर ज्यूंना स्वतंत्रपणे हस्तव्यवसाय चालवण्याचीच बंदी झाली, मग त्यांच्या भिंतीवर मायस्टरची कितीही जुनी सनद टांगलेली असो. सनद ही किल्लीसारखी असते. तिने दार उघडतेही आणि बंदही होते. किल्ली कोणाच्या हातात आहे, ते पाहावे लागते. महायुद्धानंतर अमेरिकनांनी आपल्या ताब्यातील विभागात ही सक्ती मोडून काढली होती, ती ह्याच संशयापोटी. पश्चिम जर्मनीने १९५३ च्या हस्तव्यवसाय कायद्याने ती पुन्हा आणली, पण लोकशाहीच्या चौकटीत.

आता आपण क्षणभर अटलांटिक ओलांडू. कारण इतक्या वेळात एक प्रश्न तसाच राहून गेला आहे. मायस्टरच्या परीक्षेचा भर अजूनही हाताच्या कसबावर आणि हिशेबठिशेबावर होता. ‘शिकवणे’ ही वेगळी कला आहे, ती तोडून पाहता येते, मोजता येते आणि दुसऱ्याला देता येते, हे कारखान्याच्या जमिनीवर सिद्ध केले ते अमेरिकेने. आणि तेही युद्धाच्या घाईत.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेला जहाजे हवी होती, आणि तीही हजारोंनी माणसे लावून. जहाजबांधणीचे कसब जाणणारे मात्र थोडे. त्या वेळी चार्ल्स ॲलन नावाच्या व्यवसाय-शिक्षकाने गोदीतल्या कसबी कामगारांनाच शिक्षक बनवण्याचे काम हाती घेतले. त्याचे अनुभव १९१९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्याने शिकवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. आधी शिकणाऱ्याच्या मनाची तयारी करा. मग काम त्याच्यापुढे मांडा. मग त्याच्याकडून ते करवून घ्या. आणि शेवटी तो एकटा असताना ते त्याला जमते की नाही, ते तपासा. मौज अशी, की ह्या पायऱ्यांचे नाते जाणकार लोक हर्बार्ट ह्या जर्मन तत्त्वज्ञाशी जोडतात. क्योनिग्सबर्गला कांटच्या अध्यासनावर बसलेल्या ह्या हर्बार्टने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वर्गातल्या अध्यापनाच्या पायऱ्या सांगितल्या होत्या. आपल्याकडच्या अध्यापक विद्यालयांतून कित्येक पिढ्यांनी हर्बार्टच्या पायऱ्यांवर पाठाची टाचणे काढली आहेत, हे जुन्या शिक्षकांना आठवत असेल. वर्गातली ती विद्या आता गोदीत उतरली.

दुसऱ्या महायुद्धात हेच काम फार मोठ्या प्रमाणावर झाले. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सरकारने ‘उद्योगांतर्गत प्रशिक्षण’ ह्या नावाची एक योजना सुरू केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘टी. डब्ल्यू. आय.’ म्हणतात. चॅनिंग डूली हे तिचे प्रमुख होते. आरंभीच त्यांच्यापुढे प्रश्न आला तो भिंगे घासणाऱ्या कारागिरांचा. दुर्बिणी आणि तोफांची नेमदर्शक यंत्रे ह्यांसाठी भिंगे हवीत. पण तरबेज भिंगवाला तयार व्हायला कित्येक वर्षे लागतात, अशी समजूत. योजनेच्या लोकांनी ते काम सुटे सुटे करून पाहिले. कोणते भाग खरोखर कठीण आहेत, कोणते नवख्यालाही देता येतील, आणि कठीण भागात नेमकी मेख कोठे आहे, ते शोधून काढले. वर्षांचा हिशेब महिन्यांवर आला.

ह्या योजनेतला शिकवण्याचा वर्ग म्हणजे दोन दोन तासांच्या पाच बैठका, एकूण दहा तास. एका गटात दहाच्या आसपास मुकादम आणि फोरमन. पहिल्याच बैठकीत एक गमतीचा प्रयोग होई. विजेच्या दिव्याच्या सॉकेटमध्ये तारेला ओढ बसून ती सुटू नये, म्हणून आत एक विशिष्ट गाठ मारतात. शिक्षक एका फोरमनला पुढे बोलावी आणि ही गाठ कशी मारायची, ते नुसते तोंडाने सांगे. ‘डावे टोक उजव्याच्या पुढून घ्या, मग मागून वळवा…’ फोरमन बिचारा दोऱ्यात गुंतून पडे. मग दुसऱ्याला बोलावून, तोंडातून अवाक्षर न काढता, शिक्षक नुसती गाठ मारून दाखवी. तोही फसे. मग तिसऱ्याला ती चार पायऱ्यांनी शिकवली जाई. आधी धीर देऊन, मग सांगत आणि दाखवत, मग त्याच्याकडून करवून आणि ‘असे का?’ हे त्याच्याच तोंडून वदवून. आणि गाठ बसे!

वीस वर्षे फोरमनकी केलेली ही माणसे. त्यांनी आजवर ‘सांगितले तरी कळत नाही’ आणि ‘दाखवले तरी जमत नाही’ अशी दोनच वाक्ये पोरांना ऐकवलेली. ती वाक्ये आता त्यांच्यावरच उलटली. कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेच नाही, असे ह्या योजनेचे ब्रीद होते. दोष शिकणाऱ्याच्या डोक्यातून काढून शिकवणाऱ्याच्या रीतीत ठेवणे, ही ह्यातली खरी क्रांती. १९४५ साली योजना बंद होईपर्यंत सोळा हजारांवर कारखान्यांत मिळून साडेसतरा लाखांच्या आसपास प्रमाणपत्रे दिली गेली. युद्धानंतर ही पद्धत जपानने उचलली. १९५० नंतरच्या काही वर्षांत टोयोटा कारखान्याने ती आपलीशी केली आणि तिथे ती मुरली. जर्मनीतही ‘चार पायऱ्यांची पद्धत’ म्हणून ती रुजली. हर्बार्टचे नाणे असे जगभर फिरून पुन्हा घरी आले.

आता पुन्हा जर्मनीकडे वळू. १९६८ च्या सुमारास तिथे विद्यार्थ्यांची चळवळ पेटली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच वेळी हॅम्बुर्गसारख्या शहरांत शिकाऊ उमेदवारही रस्त्यावर आले होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. त्यांचे गाऱ्हाणे विद्यार्थ्यांपेक्षा साधे होते. आम्हांला धंदा शिकवायला घेतले आहे, आणि आमच्याकडून झाडू मारून घेतात, साहेबाची मोटार धुऊन घेतात, न्याहारी आणायला पिटाळतात. ‘शिकण्याची वर्षे म्हणजे धनीपणाची वर्षे नव्हेत’ अशी एक जर्मन म्हण तोंडावर फेकून त्यांना गप्प केले जाई. ही मुले गप्प बसली नाहीत. कायद्याची चर्चा अनेक वर्षे चालूच होती. ऑगस्ट १९६९ मध्ये पश्चिम जर्मनीचा व्यवसाय-शिक्षण कायदा झाला.

ह्या कायद्याने शिकवणाऱ्याची पात्रता दोन भागांत पाहिली. पहिली वैयक्तिक. ज्याला मुलांना कामावर ठेवण्याची मनाई झालेली आहे, किंवा ज्याने कायदा वारंवार मोडला आहे, त्याच्या हाती मूल द्यायचे नाही. दुसरी व्यावसायिक. आणि ह्या दुसऱ्या पात्रतेत कायद्याने धंद्याच्या ज्ञानाबरोबर शिकवण्याच्या ज्ञानालाही स्थान दिले. १९७२ च्या एप्रिलमध्ये उद्योग-व्यापारासाठी प्रशिक्षक-पात्रतेचे नियम निघाले. व्यवसाय-शिक्षणाची मूलतत्त्वे, प्रशिक्षणाची आखणी आणि अंमलबजावणी, शिकणाऱ्या तरुणाचे मन, आणि कायदा, असे चार विषय परीक्षेला आले. म्हणजे आता रासायनिक कारखान्यातल्या, बँकेतल्या, हॉटेलातल्या प्रशिक्षकालाही सिद्ध करावे लागणार होते, की मला नुसते काम येत नाही, मला ते शिकवताही येते. हस्तव्यवसायात तर मायस्टरच्या परीक्षेचे आज चार भाग आहेत. पहिला हाताच्या कामाचा, दुसरा त्याच्या शास्त्राचा, तिसरा हिशेब आणि कायद्याचा, आणि चौथा शिकवण्याचा.

इथे कथा संपली असती, तर ती फार सरळ झाली असती. पण इतिहासाला सरळ रस्ता आवडत नाही. २००३ साली जर्मनीत बेकारी फार वाढली होती. शाळा सोडलेल्या मुलांना उमेदवारीच्या जागा मिळेनात. सरकारने विचार केला, की लहान कारखानदार मुले घेत नाहीत, त्याचे एक कारण ही प्रशिक्षकाची परीक्षा असेल. एवढे तास घालवून, फी भरून परीक्षा कोण देणार? तेव्हा परीक्षेची अट काही काळ बाजूला ठेवू, म्हणजे जागा वाढतील. आणि १ ऑगस्ट २००३ पासून उद्योग-व्यापारातली ही अट पाच वर्षांसाठी स्थगित झाली. पुढे ती मुदत आणखी एका वर्षाने वाढली.

एखाद्या शास्त्रज्ञाने मुद्दाम प्रयोग करावा, तसे हे झाले. एकतीस वर्षे अट होती. आता सहा वर्षे नाही. काय फरक पडतो, पाहा बरे! तिथल्या व्यवसाय-शिक्षणाच्या मध्यवर्ती संस्थेने पाहणी केली. काही नवे मालक उमेदवार घेऊ लागले, हे खरे. पण अनेक उद्योग-व्यापार मंडळांनी प्रशिक्षणाचा दर्जा घसरल्याची तक्रार केली. आणि जिथे पात्रताधारक प्रशिक्षक नव्हते, अशा ठिकाणी मुलांनी उमेदवारी अर्ध्यावर टाकण्याचे प्रकार अधिक आढळले. म्हणजे जागा मिळवून देण्यासाठी काढलेली अट काही मुलांच्या जागा अर्ध्यावरच रिकाम्या करून गेली.

१ ऑगस्ट २००९ रोजी नवे नियम लागू झाले आणि परीक्षा परत आली. आज ती साधारण अशी आहे. प्रशिक्षणाच्या शक्यता तपासून आखणी करणे, तयारी करून उमेदवार निवडण्यात भाग घेणे, प्रत्यक्ष शिकवणे, आणि शेवट नीट करणे, अशी कामाची चार क्षेत्रे. तीन तासांची लेखी परीक्षा. शिवाय प्रात्यक्षिक: शिकवण्याचा एक प्रसंग मांडून किंवा करून दाखवायचा आणि त्यावर परीक्षकांशी चर्चा करायची. हे सारे फार तर अर्ध्या तासात. तयारीच्या वर्गासाठी ११५ तास सुचवलेले आहेत. नापास झालात, तर आणखी दोन वेळा बसता येते. आणि एक शहाणपणाची सवलत दिली. मधल्या काळात ज्यांनी परीक्षेविना शिकवले, त्यांना पुढेही शिकवता येईल. मात्र त्यांच्या शिकवण्याविषयी तक्रारी आलेल्या नसाव्यात. कागदाला मान दिला, पण कागदापेक्षा शिकलेल्या मुलाला अधिक.

ह्यावर कोणी म्हणेल, अहो, पाच बैठकांनी आणि तीन तासांच्या पेपराने काय कोणी गुरू होतो? आमच्या गावचा मिस्त्री चौथी नापास होता, पण त्याच्या हाताखालून निघालेले सुतार आज नाव काढतात! हे म्हणणे खोटे नाही. जन्मजात शिक्षक असतात, आणि सनद भिंतीवर टांगून टेबलामागे झोपणारेही असतात. शिवाय संघांचा इतिहास सांगतो, की सनद हे कुंपणही होऊ शकते. जर्मनीत २००४ मध्ये ९४ पैकी ५३ हस्तव्यवसायांतून मायस्टरची सक्ती काढली, आणि २०२० मध्ये त्यांतल्या १२ व्यवसायांना ती पुन्हा लावली. ह्यावरून दिसते, की कुंपण कोठवर असावे, हा वाद अजून मिटलेला नाही. पण जन्मजात शिक्षकाच्या आशेवर व्यवस्था चालत नाही. जन्मजात वैद्यही असतात. म्हणून आपण वैद्यकीची परीक्षा बंद करत नाही. परीक्षा थोर गुरू घडवत नाही. ती फक्त इतके पाहते, की शिकवायला उभा राहिलेल्या माणसाने ‘शिकवणे म्हणजे काय’ ह्याचा आयुष्यात एकदा तरी विचार केलेला आहे. आणि तेवढ्यानेही पुष्कळ मुले वाचतात.

आता आपल्या घरचे काय? आपण अगदीच मागे होतो, असे नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, बिलासपूरजवळ कोनी येथे व्यवसाय-निदेशक तयार करणारी केंद्रीय संस्था सुरू झाली. पुढे पुण्याजवळ औंधलाही तशी संस्था निघाली, आणि नंतर ती मुंबईला गेली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे आपल्या आय. टी. आय. मध्ये, शिकवणाऱ्यांसाठी एक वर्षाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आज आहे. म्हणजे फळा आणि वर्कबेंच जिथे एकत्र आहेत, तिथल्या शिक्षकाचा विचार आपण केला.

पण उमेदवार आय. टी. आय. मधून बाहेर पडून कारखान्याच्या फाटकातून आत गेला, की काय? १९६१ चा आपला शिकाऊ उमेदवार कायदा ह्याविषयी गप्प नाही. मालकाला स्वतःला त्या धंद्याची पात्रता नसेल, तर विहित पात्रता असलेल्या माणसाच्या हाती उमेदवाराचे प्रशिक्षण सोपवले पाहिजे, असे त्याच्या अकराव्या कलमात मालकाच्या जबाबदाऱ्या सांगताना म्हटले आहे. वाक्य उत्तम आहे. पण ‘पात्रता’ ह्या शब्दात काय भरायचे, हा खरा प्रश्न. त्यात नुसते धंद्याचे प्रमाणपत्र आणि अनुभवाची वर्षे भरली, तर आपण जर्मनीच्या १९०८ सालाशी पोचतो. त्यात शिकवण्याची कला भरली, तर १९७२ शी. कायद्यातल्या एका शब्दात चौसष्ट वर्षांचे अंतर मावते, ते असे.

आणि हे अंतर सरकारनेच कापावे, असेही नाही. दहा तासांत सोळा हजार कारखान्यांना जे जमले, ते आपल्या भोसरीच्या किंवा सातपूरच्या एखाद्या शेडमध्ये न जमण्यासारखे काय आहे? त्याला यंत्र लागत नाही, इमारत लागत नाही. उस्तादाने आपले काम एकदा कागदावर पायऱ्यापायऱ्यांनी मांडावे, प्रत्येक पायरीवरची मेख शेजारी लिहावी, आणि उमेदवाराच्या हाती कानस देऊन आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहावे. हे शेवटचे सर्वांत कठीण, हे मला कबूल आहे.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणाचा मुलगा किंवा मुलगी उद्या एखाद्या कारखान्यात, गॅरेजमध्ये, दवाखान्यात, छापखान्यात उमेदवारीला जाईल. विद्यावेतन किती आणि मुदत किती, हे तुम्ही विचारालच. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: ह्याला शिकवणार कोण, आणि शिकवायचे कसे, हे त्याला कोणी शिकवले आहे का? पहिल्यांदा विचाराल तेव्हा समोरचा माणूस चमकेल. कदाचित हसेलही. पण दहा जणांनी विचारले, तर अकराव्याच्या वेळी उत्तर तयार ठेवावे लागेल. जर्मनीतही हा प्रश्न कायद्यात यायच्या आधी मुलांनी आणि त्यांच्या आईबापांनीच विचारला असणार.